नोन्नाचा पिवळा टेबलक्लॉथ

ताया नाक्यावर पोचली तेव्हा मुर्मान्स्कची बस यायला बराच अवकाश होता. रस्त्यावरच्या आडव्या दांड्याच्या आतल्या बाजूला एक बाक होता. तिने त्यावर पिशवी ठेवली आणि गुडघा चोळत बसली. पिशवीत कोबी भरलेले पिरोग होते, उकडलेली अंडी होती आणि ग्लेबसाठी एक छोटी बाटली होती. पितरांचा शनिवार होता, कबरींवर जायचा दिवस. जून लागला होता, तरी टेकड्यांच्या घड्यांत बर्फ अजून तसेच होते.

"ताया मावशी, सकाळपासून तिसऱ्यांदा विचारताय," खिडकीतून अलेव्तीना म्हणाली. नाक्यावर कागद तपासायचे काम तिचे. अंगावर नौदलाचा गणवेश, कमरेला पट्टा, पण तायाच्या लेखी ती अजून बालवाडीतली तीनाच होती. "पास आलाय. या पेटीत आहे. तो काही पळून जात नाही."

"तू लापशी संपवली म्हणून सांगायचीस आणि कपाटामागे ओतायचीस. तुझ्या शब्दावर कसा विश्वास ठेवू? दाखव."

तीनाने हसत पास काचेला लावून दाखवला. नोन्ना आर्काद्येव्नाचे नाव, शिक्का, सही. तीन दिवसांची परवानगी.

या एवढ्याशा कागदासाठी तायाने वर्षभर कचेरीचे उंबरे झिजवले होते. तिखाया खाडीचे गाव नौदलाचे, कुंपणातले; तिथे बाहेरचे माणूस यायचे तर आत राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाने बोलवावे लागे. कचेरीतल्या कारकुनाने विचारले, जवळचा नातेवाईक कोण? ताया म्हणाली, तिचा नवरा. तो कुठे असतो? टेकडीवर. मग त्यालाच अर्ज करू द्या की, कारकून म्हणाला. टेकडीवर कबरस्तान आहे हे त्याच्या जरा उशिरा ध्यानात आले. मग त्याने उठून तायापुढे पाण्याचा पेला ठेवला, आणि तेव्हापासून तिचे कागद वर सरकू लागले.

ताया आणि नोन्ना एकाच वर्षी, एकाच जहाजातून या गावी नववधू म्हणून आल्या होत्या. एकाच स्वयंपाकघरात दोन चुली, एकीचे मीठ संपले की दुसरीच्या डब्यात हात. दोघींचे नवरे एकाच पाणबुडीवर. नोन्ना सिनेमाच्या दारावर तिकिटे फाडायची आणि ताया बालवाडीत लापशी ढवळायची. गावातल्या साऱ्या बायकांना एकच ध्यास होता, कधी एकदा मोठ्या जमिनीवर जातो. उरलेल्या देशाला तिथे मोठी जमीन म्हणत. जणू आपण बेटावर राहतो! तिकडे सफरचंदांची झाडे होती, हिवाळ्यातही सूर्य उगवत होता. ग्लेब मूळचा वोरोनेझकडचा. तो तर म्हणायचा, आमच्याकडे मातीत काठी खोचली तरी तिला पाने फुटतात.

त्याला काही ते पुन्हा बघायला मिळाले नाही. निवृत्तीच्या आदल्या हिवाळ्यात बंदरावरच छातीत कळ येऊन तो गेला. नोन्नाला घर मिळाले ते मात्र तिकडेच, मुलीच्या गावाजवळ. ती गेली. जाताना तिने गावातला मुक्काम रद्द केल्याच्या कागदावर सही केली. त्या दिवशी कोणाच्याच मनात आले नाही की या सहीने आपण बाहेरचे होतो. ग्लेबच्या कबरीवर तेव्हा नुसता लाकडी खुंट होता. दगड नंतर बसला, तो तायाने बसवून घेतला.

सामान बांधताना नोन्नाने पिवळा टेबलक्लॉथ तायाच्या हातात ठेवला होता.

"हा तिकडे काय करू? तिकडे कोण बघणार आहे?"

पाणबुडी कधी निघणार हे बायकांना कोणी सांगत नसे. पण नवऱ्याने सकाळी उंबऱ्यात उगाच दोनदा मागे वळून बघितले की बायको काय ते समजे. मग ती खाडीकडच्या खिडकीत आपले कापड टांगे. कोणाची निळी चादर, कोणाचा लाल रुमाल. तायाचा हिरवा पडदा होता. नोन्नाचा हा टेबलक्लॉथ, पिवळाधमक, कडेने चेरीची नक्षी. परत येईपर्यंत ते कापड काढायचे नाही असा रिवाज होता. महिने जात. वाऱ्याने कापडाच्या कडा विरत. परत आल्यावर नोन्ना ग्लेबला विचारायची, "दिसला होता का?" आणि ग्लेब दर वेळी म्हणायचा, "दिसला तर! पिवळा, लख्ख!"

हे ऐकून तायाचा नवरा सावेली डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा. सावेलीचे काम वर, कप्तानाच्या शेजारी. ग्लेब पार खाली, शेपटाकडे, इंजिनापाशी. "पिवळा, लख्ख! अगं, त्या पठ्ठ्याला तिथे स्वतःचा हात दिसत नव्हता, खिडकी कुठली दिसतेय!" नोन्नाही सावेलीबरोबर हसायची. पण ग्लेबसमोर कधी हसली नाही. पुढच्या खेपेला पुन्हा विचारायचीच.

दुपार होता होता बस आली. उतरणाऱ्यांत सगळ्यांत शेवटी नोन्ना. केवढी लहान झाली होती! डोक्याला पांढरा रुमाल, एका हातात पेटी, दुसऱ्या हातात फडके बांधलेली पत्र्याची बादली. ताया लंगडत दांड्याखालून वाकून पलीकडे गेली. आतल्या माणसाला बाहेर जायला कोणी अडवत नसे. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. 

"जाड झालीस," मिठी सोडत नोन्ना म्हणाली.

"आणि तू वाळून कोळ झालीस. लेक खायला घालत नाही का? बादलीत काय?"

"काळी माती. ग्लेबला. तुमच्या टेकडीवर दगडांखेरीज काय आहे? त्याच्या घरामागची आणलीय."

"तीन दिवस आगगाडीत माती घेऊन बसलीस?"

"डब्यातल्या लोकांना वाटलं, मध आहे. एक बाई तर भाव विचारायला आली."

दोघी हसत खिडकीशी आल्या. तीना लगबगीने बाहेर आली आणि तिने नोन्नाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. नियमाप्रमाणे बादलीतल्या मातीत लोखंडी गज खुपसून बघितला. मग आत जाऊन बसली. "द्या मावशी, पासपोर्ट द्या. दोन मिनिटांचं काम."

नोन्नाने कोटाच्या आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेला पासपोर्ट काढला. कोरा करकरीत. वर जुन्या सोव्हिएत चिन्हाऐवजी दोन डोक्यांचा गरुड.

तीनाने तो उघडला. पासाकडे बघितले. पुन्हा पासपोर्टकडे बघितले.

"हा नाही, मावशी. जुना द्या."

"जुना कुठला? तो जमा करून घेतला. आता सगळेच बदलतायत ना. जुन्याची पानं सुटली होती, फोटोत तर मी विशीतली वाटत होते. मी म्हटलं, आपलं फाटक कसं आहे ते मला ठाऊक आहे, कोणाला बोट ठेवायला जागा नको. पुढच्या वर्षी बदलला असता तरी चाललं असतं. पण मुद्दाम आत्ता बदलून घेतला. इथे येण्यासाठी."

तीनाने पासावरच्या नंबरावर बोट ठेवले.  अर्ज तायानेच भरला होता. जुन्या पासपोर्टचा नंबर नोन्नाने फोनवर सांगितला होता, आणि एकेक आकडा दोनदा म्हणवून घेऊन तिनेच तो लिहिला होता.

"नंबर वेगळा आहे," तीना म्हणाली. "पास जुन्या नंबरावर आहे."

"पण बाई तीच आहे!" ताया म्हणाली. "तीना, डोळे फुटले का तुझे? ही नोन्ना आहे!"

"मला दिसतंय, मावशी."

"मग?"

"मला दिसून काय उपयोग? इथे नंबर बघतात."

तीनाने फोन उचलला. कचेरी शनिवारची बंद होती. तिने पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला फोन लावला. काचेपलीकडून तिचे नुसते ओठ हलताना दिसत होते. आधी भरभर, मग हळू, आणि मग ती नुसतीच ऐकत राहिली. बाहेर आली तेव्हा तिचे नाक लाल झाले होते.

"नवा अर्ज करावा लागेल. दीड महिना. तुम्ही इथे बाहेर थांबू शकत नाही, संध्याकाळच्या आत हद्दीबाहेर जायला हवं. चारची बस आहे, तीच." मग ती एकदम नोन्नाचा हात धरून म्हणाली, "मावशी, तुम्ही मला कित्येकदा तिकिटाशिवाय आत सोडायचात. मागच्या पडद्याआडून. माझ्या लक्षात आहे सगळं."

नोन्नाने तिचा हात थोपटला. "तो सिनेमा होता, तीना. हे फाटक आहे. तुझी नोकरी जाईल, वर तुरुंगात टाकतील. जा, जागेवर जाऊन बस. वारा लागतोय."

दोघी मैत्रिणी दांड्याच्या बाहेरच्या बाजूच्या कट्ट्यावर बसल्या. तायाने पिरोग काढले. दोघींनी एकेक हातात घेतला, पण खाल्ला कोणीच नाही.

"पुढच्या वर्षी ये," ताया म्हणाली. "मी उद्याच अर्ज घालते. म्हणजे सोमवारी."

"हो, पुढच्या वर्षी," नोन्ना म्हणाली. डॉक्टर या वर्षीही नको म्हणत होता, मुलगी तर स्टेशनवर दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिली होती. नोन्नाने हे सारे पत्रातून कळवले होते. त्यामुळे तायाने लगेच दुसरे सुचवले.

"मीच तुझ्याबरोबर शहरात येते. रात्रभर स्टेशनवर गप्पा मारू."

"आणि सावेली?"

सावेलीला दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. आज शेजारीण संध्याकाळपर्यंतच त्याच्यापाशी बसणार होती, पुढे तिला कामावर जायचे होते. 

समोरून रस्ता चढत चढत जात होता आणि वर जिभेसारखा वळला होता. त्या वळणाला गावात सासूची जीभ म्हणत. सुट्टीवरून परतताना बस तिथे आली की सगळे उठून उजवीकडच्या खिडक्यांशी गर्दी करत, कारण तिथूनच खाडीपलीकडे गाव पहिल्यांदा दिसे. घरे, बंदर आणि बंदराच्या वरची टेकडी. तेव्हा टेकडी नुसतीच टेकडी होती. आता तिच्यावर लोखंडी तारे आणि क्रूस उभे होते.

नोन्ना बराच वेळ त्या वळणाकडे बघत होती.

"ताया, तिथून टेकडी दिसते अजून?"

"दिसते की. पण माणूस ओळखू येत नाही. ठिपका दिसतो."

"मला जवळचं काही दिसत नाही, लांबचं झकास दिसतं. लेक म्हणते, आई, तुझे डोळे घारीचे, फक्त ताटातली माशी तेवढी दिसत नाही." ती थांबली. "माझा टेबलक्लॉथ आहे ना तुझ्याकडे?"

ताया समजली. "वेडी आहेस का? आता निघाले तरच मी चारपर्यंत वर पोचेन. हे दोन तासच तर आहेत आपल्याला."

"बसून काय करणार आहोत? दोघी रडू, आणि तीना काचेतून बघत राहील. तू जा. माती घाल त्याच्यावर. आणि तिथे कापड धर. कुठल्या दगडापाशी आहे तो, एवढं तरी कळू दे मला."

तायाला उठवेना. एवढ्या वर्षांनी हाताला लागलेली मैत्रीण सोडून टेकडीवर जायचे म्हणजे काय! पण नोन्नानेच बादली तिच्याकडे सरकवली. मग ताया बसच्या ड्रायव्हरकडे गेली. रोदिओन चाकापाशी उभा राहून सिगारेट ओढत होता.

"रोदिओन, परत जाताना सासूच्या जिभेवर पाच मिनिटं थांबशील?"

"तिथे थांबायला मनाई आहे, आजी."

"तुझं पोट बिघडतं तेव्हा बरा थांबतोस! मुद्दाम सांगते, सगळ्या गावाला माहीत आहे ते."

रोदिओनने सिगारेट पायाखाली विझवली. "बरं, बरं. इंजिन तापलं म्हणून सांगेन. पाच मिनिटं हं, जास्त नाही."

तीनाने गावात पाव घेऊन चाललेली गाडी थांबवली आणि तायाला पुढे बसवून दिले. निरोप धड घेता आलाच नाही. नोन्ना दांड्यापलीकडे उभी होती, हातात तो न खाल्लेला पिरोग. "घसरू नकोस गं," एवढेच ती ओरडली.

गाडीवाल्याने घरापाशी थांबून तायाला टेबलक्लॉथ आणू दिला आणि टेकडीच्या पायथ्याशी सोडले. तिथून पुढे पायवाट. बादलीची कडी हाताला कापत होती. चार पावलांवर गुडघा अडून बसे. ताया बादली टेकवी, श्वास घेई, पुन्हा उचली. कितीतरी घरची माणसे आज कबरींवर आली होती, कोणी रंग देत होते, कोणी दगडावर पावाचा तुकडा नि पेला ठेवत होते. "काकू, द्या इकडे," म्हणून कोणीतरी हात पुढे केला, पण तिने बादली दिली नाही.

ग्लेबच्या दगडापाशी पोचून तिने फडके सोडले. खरोखरच काळीकुळकुळीत माती, ओलसर, मऊ. तिखायात कोणी अशी माती बघितलीच नव्हती. तिने ती खडीवर पसरली. बादलीभर म्हणता म्हणता ती ताटाएवढ्या जागेत संपून गेली. "घे," ती ग्लेबला म्हणाली. "बायको तीन दिवस मांडीवर घेऊन आलीय. आणि तिला दारातून परत पाठवली."

मग तिने टेबलक्लॉथ उलगडला. धुऊन धुऊन रंग फिका झाला होता, तरी पिवळा तो पिवळाच. खाडीपलीकडे सासूची जीभ स्वच्छ दिसत होती. रिकामी. ताया वाट बघत उभी राहिली.

समुद्राकडून गार वास आला. तो वास तिला चांगला ठाऊक होता. वळून बघते तो खाडीच्या तोंडाशी पांढरी भिंत उभी. त्या किनाऱ्यावर जूनमध्येही बर्फाचा झोत असा अचानक येतो, घटकाभर धुमाकूळ घालतो नि निघून जातो. "आत्ता नको," ताया म्हणाली. "थोडं थांब. बाबा रे, थोडं थांब!" तेवढ्यात पलीकडे वळणावर बसचे निळे टप सरकताना दिसले. बस थांबली की नाही ते कळायच्या आतच बंदर पुसले गेले, मग पाणी, मग पलीकडचा रस्ता. शेवटी ग्लेबचा दगडही दोन हातांवर असून दिसेना.

तिने कापड दोन्ही हातांनी डोक्यावर धरले. वारा ते ओढून नेऊ बघत होता. बर्फाचे खडे तोंडावर सुयांसारखे टोचत होते. ती हलवत राहिली. पाच मिनिटे झाली असतील, दहाही झाली असतील. हात खाली आले की ती पुन्हा वर करी. "नोन्ना!" ती ओरडली. आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नव्हता. शेवटी हात उचलेनात. तेव्हा तिने कापडाची दोन टोके ग्लेबच्या दगडाला बांधली आणि त्याला टेकून खाली बसली.

झोत आला तसा गेला. ऊन पडले. खाडी चकचकू लागली. सासूची जीभ पुन्हा स्वच्छ दिसत होती, आणि रस्ता पार वरपर्यंत रिकामा होता. काळ्या मातीवर बोटभर बर्फ साचले होते.

त्यानंतर मंगळवारी रोदिओनची बस आली तेव्हा ताया दुकानाच्या रांगेत होती. त्याने तिच्याकडे बघून टोपीला हात लावला. त्याला विचारता आले असते, तू थांबलास का, तिला काही दिसले का. तायाने आपली पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतली आणि पाव मागितला.

आठवडा उलटल्यावर फोन वाजला. तार खरखरत होती.

"पोचले गं," नोन्ना म्हणाली. "पाय सुजलेत, बाकी ठीक. लेक बोलत नाहीये, तेवढीच शांतता. माती घातलीस?"

"घातली. सगळी घातली. छान दिसतेय."

"बरं झालं."

 तायाला विचारायचे नव्हते. तरी तोंडातून निघालेच, "दिसला होता का?"

"दिसला तर!" नोन्ना म्हणाली. "पिवळा, लख्ख!"

तायाने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.  मग तिकडून नोन्ना म्हणाली, "ठेवते आता, बिल होतंय," आणि फोन बंद झाला.

सावेली उशांना टेकून तिच्याकडे बघत होता. त्याचे तोंड एका बाजूला ओढले गेले होते, शब्द चावत चावत बाहेर यायचे.

"काय... म्हणाली?"

"दिसला म्हणाली. पिवळा, लख्ख."

सावेली टेकडीकडच्या खिडकीकडे बघत राहिला. तो हसला नाही.